कान टोचले, पण सोनाराने नव्हे

माझ्या लेकीचे कान बाराव्या दिवशी माहेरी, गिरगावातल्या आमच्या नेहमीच्या सोनाराने टोचले आणि त्या इवल्या सोन्याच्या बाळ्या घालूनच ती लंडनला आली. आम्ही राहायला आलो त्या दिवशी शेजारच्या आजींनी घरी केलेला प्लमचा जॅम आणून दिला होता. त्याच आजींनी गेल्या आठवड्यात तिचे कान निरखून मायेने सांगितले की दिसते गोड, पण इथे लोकांना ते ‘जरा कॉमन’ वाटेल.

चाळीत वाढलेल्या मुलीला हा शब्द काही परका नव्हता. आमची गॅलरी कॉमन, नळ कॉमन, संडास कॉमन आणि वर्तमानपत्रात लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला कॉमन मॅन. यात कमीपणा कधी वाटला नाही. वैताग असलाच तर तो सकाळच्या रांगेचा. इंग्लंडमध्ये मात्र माणसाला कॉमन म्हटले की तो खालच्या थरातला, अभिरुची नसलेला ठरतो आणि गाठीशी पैसा असला तरी त्यातून त्याची सुटका होतेच असे नाही.

याच आजी रोज विंबल्डन कॉमनवर कुत्रे फिरवतात आणि त्या माळाचा त्यांना कोण अभिमान! आपल्या गायरानासारखीच ही मुळात चराईच्या हक्काची जमीन, फक्त मालकी उमरावाची. १८६४ साली अर्ल स्पेन्सर यांनी तिला कुंपण घालायचा घाट घातला, तेव्हा रहिवाशांनी विरोध केला आणि १८७१ च्या कायद्याने ती सर्वांसाठी मोकळी राहिली. संसदेचे ‘कॉमन्स’ हे नावही परगण्यांच्या आणि नगरांच्या समुदायांवरून आले आहे, हीन लोकांवरून नव्हे. माळ कॉमन असलेला चालतो, सभागृह कॉमन असलेले चालते. तेवढ्या माझ्या लेकीच्या बाळ्याच कशा चालत नाहीत?

कर्णवेध हा आमच्याकडे सोळा संस्कारांपैकी एक आहे, असे आजींना ठणकावून सांगायचे मी मनाशी घोकले होते. मग लक्षात आले की मी कॉमनपणाची बाजू घेतच नव्हते. आमचेही वरच्या पायरीवरचेच आहे, एवढेच मला सिद्ध करायचे होते. कॉलेजात ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला मीच ‘गावठी’ म्हटले होते. गावठी कोंबडीला बाजारात चढा भाव मिळतो, गावठी अंडी आपण मुद्दाम शोधून आणतो, आणि माणसाला मात्र तोच शब्द शिवीसारखा लावतो. अर्थात तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि सगळेच तसे बोलत.

बाळ्या मी काढलेल्या नाहीत. परवा आजींकडे चहाला जाताना लेकीची लोकरीची टोपी कानांवर जरा जास्तच खाली ओढली गेली, पण त्या दिवशी वारा फार होता.