उभ्या गाडीची बॅटरी कोण खात होते?

चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, हे गेले काही आठवडे चालले होते. बॅटरी नवी आहे आणि अल्टरनेटरही (इंजिनावर चालणारे जनित्र) ती नीट चार्ज करतो आहे, म्हणून आज उभ्या गाडीतील विजेची गळतीच मोजायची ठरवली.

बॅटरीची ऋण वायर सोडवून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मल्टिमीटर दहा अँपिअरच्या सॉकेटवर जोडला, गाडी लॉक केली आणि निवांत चहा घेतला, कारण आजकालच्या गाड्यांतील संगणक झोपी जायला अर्धा तास सहज लागतो आणि त्याआधीचे वाचन निव्वळ दिशाभूल करते. (मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नये, स्टार्टरचा प्रवाह मीटरचा फ्यूज उडवतो.) साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह चालण्यासारखा असतो, येथे मात्र ४२० दिसत होते, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेचार दिवसांत पूर्ण रिकामी.

एकेक फ्यूज काढत गेल्यावर आतील दिव्यांचा फ्यूज निघताच आकडा २० वर आला. छतावरचा दिवा विझलेला होता, म्हणून संशय डिकीतल्या दिव्यावर गेला; मोबाइल व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवला आणि झाकण लावले. चित्रणात डिकीतला पाच वॅटचा दिवा झाकण बंद होऊनही लख्ख पेटलेला! लॅचमधील स्विच अडकला होता. नवा स्विच मिळेपर्यंत बल्ब काढून ठेवला आहे.