उंबराखालचं चिलट

दाजीपूरच्या जंगलात आम्ही पिकलेली केळी आणि काकवी घातलेल्या बाटल्या फांद्यांना टांगत होतो. सोबतचे वनमजूर मामा म्हणाले, "मॅडम, उंबराखाली बघा की. सडक्या फळांवर चिलटंच चिलटं असत्यात." तिथंच जाळी फिरवली आणि अडीच मिलिमीटरचे तीन नर मिळाले. ड्रोसोफिला या फळमाश्यांच्या गटातलेच होते, पण ओळखीचे वाटेनात.

या माश्यांची खरी ओळख नराच्या जननांगांत असते. पोटाचं टोक कापायचं, कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करायचं आणि ग्लिसरीनच्या थेंबात सुईनं हळूहळू वळवत पाहायचं. खसखशीच्या दाण्याहूनही लहान तुकडा तो. पहिला मी पोटॅशमध्ये जास्त वेळ ठेवला. इतका पारदर्शक झाला की कडाच दिसेनात. तीनातला एक हातचा गेला, त्या रात्री घास उतरला नाही. दुसऱ्या वेळी घड्याळ समोर घेऊन बसले. मायक्रोस्कोपखाली कंगव्यासारखी नऊ काळ्या दातांची ओळ लखलखीत दिसली. चित्र काढायला चार दिवस लागले.

पण नऊ दात दिसले म्हणून जात नवी होत नाही. प्राण्यांची शास्त्रीय नावं १७५८ पासून धरली जातात आणि आधीचं नाव निघालं तर तेच चालतं. जुनी वर्णनं काढून वाचली. कित्येक चार ओळींची, जननांगांचं चित्रच नाही. मग मूळ नमुन्यांचे फोटो मागवा, वाट बघा. माझ्या मते खरं काम हेच, आणि सगळ्यात जास्त महिने यातच जातात. पुढच्या हंगामात त्याच उंबराखालून आणखी अकरा नर आणले, एकाचे पाय डीएनएसाठी दिले. सगळ्यांचे दात नऊच.

नाव ठरवताना व्याकरणही आलं. ड्रोसोफिला स्त्रीलिंगी, म्हणून पुढचं लॅटिन विशेषणही स्त्रीलिंगीच हवं. ऑनलाइन छापायचं तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या नोंदवहीत, नोंद लागते. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नमुना सरकारनं नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो.

परवा होलोटाइपची, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नवं नाव बांधलेलं असतं त्याची, बारीक लेबलं लिहिली. लालवर नाव. पांढऱ्यावर महाराष्ट्र, कोल्हापूर, दाजीपूर, तारीख, आणि शेवटी मामांनी सांगितलेली जागा: उंबराखाली, सडकी फळं.