जिन्यातला दिवा आणि उसना न्यूट्रल

इंग्लंडमध्ये इलेक्ट्रिशियनपुढे ‘कॉलबॅक’ म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. काम झालं, बिल झालं, पैसे आले, आणि पुन्हा त्याच घरातून फोन: दिवा लुकलुकतोय, किंवा सगळं घरच ट्रिप होतंय. दुसऱ्या खेपेचे पैसे नाहीत, डिझेल आपलं. वर दारातच ठरलेलं वाक्य ऐकायचं, ‘तुम्ही हात लावायच्या आधी सगळं व्यवस्थित चालू होतं.’ लेस्टरमधल्या आमच्या छोट्या कंपनीत असे कॉलबॅक बहुतेक माझ्याच गळ्यात पडतात. माझी तक्रार नाही. नव्या घरात दिवसभर केबल ओढत बसण्यापेक्षा यात डोकं लागतं.

आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईकाचं ते वाक्य बरेचदा खरं असतं. साठ वॅटच्या बल्बाने वायरिंगच्या खोड्या वर्षानुवर्षं पोटात घातल्या. एलईडी त्याच खोड्या चव्हाट्यावर आणतो.

आमच्या भागातल्या एका गुजराती बांचंच घ्या. विटांच्या घरांच्या रांगेतलं जुनं दुमजली घर. जिन्यातला बल्ब काढून मुलाने एलईडी लावला आणि रात्री बटण बंद केल्यावरही तो दर काही सेकंदांनी एकदा चमकून विझायला लागला. ‘बेटा, घरात काही आहे का रे?’ बांनी मला हळूच विचारलं. मुलगा मागे उभा राहून हसत होता, पण त्यालाही कारण माहीत नव्हतं. मी रोझ (छतात दिव्याच्या तारा जोडायची डबी) उघडून मीटर लावला, बटण बंद असताना साठ-सत्तर व्होल्ट दिसले. जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक अशी दोन बटणं असतात. त्यांच्यातल्या तारा भिंतीतून कित्येक मीटर शेजारी शेजारी धावतात, आणि चालू तारेतून बंद तारेत अगदी किंचित करंट झिरपतो. जुन्या बल्बाला त्याने काही फरक पडत नाही. एलईडीच्या आत मात्र छोटा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग असतो. तो त्या झिरपणीवर हळूहळू भरतो, पुरेसा भरला की दिवा एकदा चमकतो आणि पुन्हा रिकामा. उपाय म्हणजे दिव्याला समांतर जोडायचा एक छोटा स्नबर, जो ती झिरपण स्वतःतून वाहू देतो. वस्तू किरकोळ, पाच मिनिटांचं काम. बांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही, आणि चहात आलं भरपूर होतं.

इथल्या वायरिंगची एक गंमत सांगायला हवी. बहुतेक घरांत फेज आधी छतातल्या रोझमध्ये जाते, तिथून बटणाला उतरते आणि बटणातून परत वर चढते. बटणाच्या डबीत न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, नसतोच. (स्मार्ट स्विच ऑनलाइन मागवून माझी वाट बघत बसलेल्या लोकांचा हिरमोड इथेच होतो.) २००६च्या मार्चअखेरीपासून नव्या कामात तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल सक्तीचे आहेत. त्याआधीच्या घरांत लाल आणि काळा, म्हणजे आपल्याकडचेच रंग, त्यामुळे आयटीआयमध्ये शिकलेला हात आपोआप चालायला लागतो. तिथेच सावध व्हायचं. जुन्या तीन तारांच्या केबलमध्ये, दोन बटणांच्या मधली निळी तार फेज असू शकते आणि शेजारच्या नव्या केबलमधली निळी न्यूट्रल. एका डबीत दोन्ही भेटल्या की रंग विसरायचा आणि मोजायचं. मोजायचंही दोन टोकांच्या टेस्टरने, आणि तो आधी व नंतर चालू सप्लायवर तपासून. आपला निऑनचा पेचकस खिशातून डोकावला तरी आमच्या सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या पडतात.

आता शीर्षकातला न्यूट्रल. एका निवृत्त गृहस्थांकडे आमच्याच एका पोराने जुना तारेच्या फ्यूजांचा बोर्ड काढून नवा बसवला. २०१८च्या नियमांपासून इथे घरातल्या दिव्यांच्या सर्किटलाही ३० मिलीअँपिअरचं आरसीडी संरक्षण (करंट गळला की सप्लाय तोडणारं) लागतं, म्हणून दोन मजल्यांच्या दिव्यांना दोन वेगळे आरसीबीओ, म्हणजे आरसीडी आणि एमसीबी एकाच डबीत. काम दुपारी संपलं. दुपारी जिन्यातला दिवा कोण लावतो? रात्री गृहस्थांनी तो लावला आणि दोन्ही मजले अंधारात.

गळती पकडायला आरसीबीओ एवढंच बघतो की फेजमधून जितका करंट गेला तितकाच त्याच सर्किटच्या न्यूट्रलमधून परत आला का. त्या जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या सर्किटची होती आणि न्यूट्रल वरच्याचा. पूर्वी कोणीतरी थोडी केबल वाचवायला तो उसना घेतला होता. खालच्या आरसीबीओला वाटतं करंट कुठेतरी गळतोय, वरच्याला वाटतं हा आगंतुक कुठून आला. नुसता ८ वॅटचा एलईडीसुद्धा ३५ मिलीअँपिअर किंवा थोडा जास्तच घेतो, म्हणजे ट्रिप व्हायला तेवढा पुरे. तारेच्या फ्यूजला असला हिशोब येतच नव्हता. काम संपल्यावर जिन्यातला दिवा एकदा लावून बघितला असता तर त्याच दुपारी कळलं असतं.

खरा इलाज म्हणजे वरच्या सर्किटची फेज त्या बटणापर्यंत नेणं. त्यासाठी गालिचा आणि खालच्या फळ्या उचलाव्या लागल्या असत्या. गृहस्थ म्हणाले, गालिच्याला हात लावायचा नाही, बायकोने पसंत केलेला आहे. मग दोन्ही मजल्यांचे दिवे एकाच आरसीबीओवर घेतले. एलईडीच्या जमान्यात लोडचा प्रश्न नाही, पण ट्रिप झालं तर सगळं घर एकदम अंधारात, हे त्यांना सांगितलं आणि कागदावरही लिहून दिलं. मला ही सोय फारशी आवडत नाही. चुकीची मात्र नाही.

हल्ली मी निघण्याआधी फोनवरच चौकशी करतो. एकच दिवा की सगळे? काल पाऊस झाला का? (बागेतल्या दिव्यात पाणी शिरून ट्रिप होणं हा इथला बारमाही धंदा आहे.) डिमर आहे का? डिमर जुना, कमीत कमी साठ वॅटचा लोड मागणारा, आणि त्यावर पाच पाच वॅटचे चार एलईडी असतील तर ते लुकलुकणारच. अर्ध्या तासाने आपोआप बंद होऊन पुन्हा लागतो का? मग माळ्यावर थंडीसाठी अंथरलेली लोकर दिव्यावर आलेली असते आणि तापलेला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) स्वतःला बंद करत असतो. माळ्यावर चढून लोकर बाजूला सारायची, मधे अंतर राहील असं झाकण बसवायचं, उतरायचं.

तिकडे तुमच्याकडे बटण बंद केल्यावरही एलईडी मंद तेवत असेल, तर आधी बटणात लाल इंडिकेटर आहे का बघा. तो दिव्यातूनच करंट ओढतो, त्यात धोका नाही. इंडिकेटर नसेल तर चांगल्या वायरमनला बोलवा आणि बटण बंद ठेवून होल्डरमध्ये फेज येतेय का ते मोजायला सांगा. कधी कधी कोणीतरी फेजऐवजी न्यूट्रल तोडणारं बटण लावून ठेवलेलं असतं. तसं असेल तर दुरुस्ती होईपर्यंत मेन बंद केल्याशिवाय बल्ब बदलू नका.