गोळी पाण्यासोबतच घ्या, ज्यूससोबत नको

परवा आईला शिंकांनी हैराण केलेलं, डॉक्टरांनी फेक्सोफेनाडिन लिहून दिलेली आणि ती आपली संत्र्याच्या ज्यूसचा ग्लास हातात घेऊन गोळी तोंडात टाकणार इतक्यात मी ओरडले, अगं आई थांब, साध्या पाण्यासोबत घे!

तिला वाटलं मी उगाच घाबरवतेय. पण अमेरिकेत या औषधाच्या पाकिटावरच छापलेलं असतं की फळांच्या रसासोबत घेऊ नका. गोळी पोटात विरघळली म्हणजे रक्तात पोचली असं नसतं ना, आतड्याच्या पेशींवर ट्रान्सपोर्टर प्रोटीन्स असतात, दारावरच्या माणसांसारखी, त्यातलं ओएटीपी हे फेक्सोफेनाडिनला आत घेतं आणि ग्रेपफ्रूट, संत्रं, सफरचंदाचा रस नेमकं तेच अडवतो. 2002 च्या एका अभ्यासात लोकांना ३ तास थोडाथोडा करत भरपूर ज्यूस पाजला तर पाण्याच्या तुलनेत जेमतेम 30 ते 40 टक्केच औषध रक्तात गेलं. म्हणजे गोळी घेतली, पण अर्धीही लागू नाही पडली!

दुसरं एक पी-ग्लायकोप्रोटीन, ते उलटं, आत आलेलं औषध परत आतड्यात फेकतं. टीबीवरचं रिफाम्पिसिन चालू असेल तर हे प्रोटीन वाढतं आणि हृदयाच्या पेशंटचं डिगॉक्सिन रक्तात कमी पोचतं. आपल्याकडे टीबीचे इतके पेशंट आहेत, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं, नवीन गोळी सुरू करताना आधीच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, प्लीज.

आईने ज्यूस संध्याकाळी प्यायला.