खोक्यावरची रॅम आणि फोनमधली रॅम

दादरच्या एका वाचनालयासाठी जुन्या दिवाळी अंकांचं अ‍ॅप करते आहे. अंक स्कॅन केलेले, वाचक बहुतेक साठीच्या पुढचे, आणि त्यांच्या हातातले फोन म्हणजे मुलाने नवा घेतल्यावर घरात उरलेले. रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी, २ जीबी, ३ जीबी, फार तर ४. अशा वेळी अ‍ॅप उघडल्याबरोबर त्याला फोनची एकूण रॅम कळलीच पाहिजे.

का, ते एका पानाच्या हिशोबावरून लक्षात येईल. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलं की २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात. जेपेग फाइल छोटी असते, पण स्क्रीनवर आणताना ती पूर्ण उलगडावी लागते आणि दर पिक्सेलला ४ बाइट लागतात. म्हणजे एकच पान सुमारे ३५ एमबी! मागचं आणि पुढचं पान तयार ठेवलं की शंभरी पार. त्यात आमचे वाचक साबण-तेलाच्या जुन्या जाहिराती झूम करकरून बघणार. बघूच देत, त्यासाठीच तर अंक जपलेत.

पूर्वी हा सगळा भार जावाच्या हीपवर, म्हणजे अ‍ॅपला नेमून दिलेल्या मर्यादित मेमरीवर, यायचा. अँड्रॉइड ८ पासून बिटमॅपचे, म्हणजे उलगडलेल्या चित्राचे, पिक्सेल हीपबाहेरच्या नेटिव्ह मेमरीत जातात. त्यामुळे रनटाइमच्या मॅक्समेमरीला विचारून आता भागत नाही. तो आकडा आपल्या अ‍ॅपच्या हीपपुरता, फोनचा नव्हे.

फोनचा आकडा हवा तर अँड्रॉइडच्या अ‍ॅक्टिव्हिटीमॅनेजरकडून मेमरीइन्फो भरून घ्यायचं आणि त्यातलं टोटलमेम, म्हणजे एकूण मेमरी, वाचायचं. दोन-तीन ओळींचं काम, कुठली परवानगी लागत नाही. हे २०१२ च्या जेली बीन या अँड्रॉइड आवृत्तीपासून, म्हणजे एपीआय १६ पासून आहे. त्याआधी लोक प्रॉक फोल्डरमधली मेमइन्फो फाइल उघडून मेमटोटलची ओळ वाचायचे. टोटलमेमचं उत्तर बाइटमध्ये येतं आणि ते लाँग या मोठ्या आकड्यांच्या प्रकारातच ठेवायचं; इंट हा लहान प्रकार २१४ कोटींच्या थोडं पुढे जाऊन संपतो, म्हणजे २ जीबीलाच.

चाचणीसाठी मी हा आकडा अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर दाखवला होता. वाचनालयातल्या एका काकांनी चष्मा वर सरकवून तो वाचला आणि त्यांचा चेहराच पडला. "अहो ताई, ४ जीबीचा म्हणून घेतला होता. इथे ३.६ दिसतंय. दुकानदाराने फसवलं का मला?"

नाही, काका. टोटलमेम म्हणजे कर्नलच्या, अर्थात अँड्रॉइडच्या गाभ्याच्या, हाती लागते तेवढी रॅम. मॉडेमसारख्या (नेटवर्क सांभाळणाऱ्या) भागांसाठी काही वाटा कर्नलच्या आधीच बाजूला काढलेला असतो, तो यात धरत नाहीत. चिप मात्र पुरती ४ जीबीचीच असते. उलट '४ अधिक ४' म्हणून जी वाढीव रॅम सांगतात, ती स्टोरेजमधून घेतलेली जागा असते आणि ती टोटलमेममध्ये येत नाही. लोकांना दाखवायला अँड्रॉइड १४ पासून अ‍ॅडव्हर्टाइज्डमेम मिळतं, दुकानातल्या पाटीवर असतो तो आकडा. काकांसारख्यांना तोच दाखवावा, पण निर्णय टोटलमेमवर घ्यावा.

आणि इथेच खरी मेख आहे. '४ जीबी किंवा जास्त' अशी अट ४ गुणिले १०२४ चा घन अशी लिहिली, तर ४ जीबीचा फोन त्यात कधीच बसणार नाही. मी रेघ सव्वातीन जीबीला मारली आहे. तिच्या खालच्या फोनवर समोरचं एकच पान मेमरीत राहतं, तेही लांबी-रुंदी निम्मी करून, म्हणजे मेमरी पाव, ९ एमबीच्या आत. झूम केलं की रीजन डीकोडरने दिसतो तेवढाच तुकडा पूर्ण बारकाव्यासह उलगडते. जाहिरातीतली बारीक अक्षरं स्वच्छ वाचता येतात.

इझ-लो-रॅम-डिव्हाइस, म्हणजे 'हा कमी रॅमचा फोन आहे का', हेही विचारते, पण तेवढ्यावर विसंबत नाही. ती खूण फोन बनवणाऱ्याने केलेली असते; २-३ जीबीच्या प्रत्येक फोनवर ती असेलच असं नाही. टोटलमेम बदलत नाही, म्हणून बेत त्यावर आखायचा. अ‍ॅप मागे गेल्यावर ऑन-ट्रिम-मेमरी ही अँड्रॉइडची सूचना आली की कॅश, म्हणजे तयार ठेवलेली पानं, रिकामी करायची.

कमी रॅमचे फोन प्ले कन्सोलमधून, म्हणजे प्ले स्टोअरच्या डेव्हलपरांसाठीच्या पानावरून, वगळता येतात. बैठकीत तीही सूचना आली होती. मी ठाम नको म्हटलं. हे अंक ज्यांनी तरुणपणी विकत घेऊन वाचले, त्यांच्याच फोनवर ते उघडणार नसतील तर स्कॅनिंगचा खटाटोप कुणासाठी?

आता आयफोनचं काम काढते आहे. तिथे प्रोसेसइन्फोचं फिजिकलमेमरी हा आकडा देतं, रेघ मात्र पुन्हा खऱ्या फोनवर तपासूनच ठरवेन.