डाव्या मनगटाची जागा

डाव्या मनगटावर जागा एकच असते. बोटांत चार अंगठ्या घालता येतात, उजव्या हातात डझनभर बांगड्या मावतात, पण घड्याळ मात्र एकच. दोन घड्याळे घालून लोकलमध्ये चढलेल्या बाईकडे सगळा डबा ज्या नजरेने पाहील, ती झेलण्याची माझी तयारी नाही. त्यामुळे गेल्या वाढदिवसाला मुलाने स्मार्टवॉच आणून माझ्या हाताला बांधले, तेव्हा ते चांगले की वाईट हा प्रश्न दुय्यमच होता. ते बांधायचे तर तिथे आधीपासून राहणाऱ्या घड्याळाला जागा रिकामी करायला सांगावी लागणार होती, आणि ते घड्याळ माझ्या वडिलांचे होते.

वडिलांचे घड्याळ म्हणजे एचएमटीचे ‘जनता’. पांढरी तबकडी, तिच्यावर देवनागरीत लिहिलेले नाव आणि खाली बारीक अक्षरांत ‘१७ ज्वेल्स’ असा उल्लेख. लहानपणी त्या सतरा रत्नांविषयी मला फार कुतूहल होते आणि आपले वडील मनगटावर खजिना बांधून फिरतात अशी माझी पक्की समजूत होती. पुढे घड्याळजींनी भिंगातून दाखवले तेव्हा कळले, की ते मोहरीहून लहान असे कृत्रिम माणकांचे खडे आहेत आणि चाकांच्या आसांची टोके त्यांच्यात टेकतात, म्हणजे धातूवर धातू घासून झिजत नाही. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली बंगळूरला उभा राहिला, आणि पुढची काही दशके पहिल्या पगाराचे, जावयाला द्यायचे किंवा निवृत्तीच्या समारंभात हाराबरोबर मिळायचे घड्याळ म्हणजे एचएमटी, असे समीकरणच होऊन गेले. ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. कंपनी गेली, वडीलही गेले. घड्याळ चालू आहे.

वडील ते रोज सकाळी आकाशवाणीच्या सात पाचच्या प्रादेशिक बातम्या लागण्याआधी हातात घेत, चावी देत आणि रेडिओवरच्या वेळेशी काटे जुळवत, कारण तासाला १८,००० ठोके देणारे ते यंत्र दिवसाकाठी अर्धा मिनिट तरी मागे पडतच असे. चावी देताना बोटांना अडल्यासारखे वाटले की थांबायचे, शेवटचा फेरा जोर करून द्यायचा नाही, एवढा एकच धडा त्यांनी मला त्या घड्याळाबाबत दिला.

स्मार्टवॉचला असले लाड लागत नाहीत. ते वेळ फोनकडून घेते, फोन ती मोबाइलच्या जाळ्यातून घेतो, आणि सेकंदाचाही वाद शिल्लक राहत नाही. ज्या मुंबईत मी रोज नोकरीला जाते, तिने १९०६ साली लागू झालेली भारतीय प्रमाणवेळ मनापासून कधी स्वीकारली नाही आणि तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्वतःची ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत जपली, हे आठवले की मनगटावरची ही निमूट आज्ञाधारकता जरा नवलाची वाटते. अर्थात, डोंबिवलीहून जलद लोकल पकडणाऱ्या बाईने ३९ मिनिटांच्या अस्मितेचे फार कौतुक करू नये, हेही खरेच.

पण केवळ अचूकतेसाठी स्मार्टवॉच घ्यावे, असे कोणी म्हटले तर ते मला पटणार नाही. सेकंदाला ८,१९२ वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा स्फटिक बसवलेले मनगटी घड्याळ सेइको कंपनीने १९६९ च्या नाताळच्या दिवशी बाजारात आणले, तेव्हाच हा प्रश्न सुटला. आज कोपऱ्यावरच्या दुकानातले सेलवर चालणारे साधे घड्याळही महिन्याभरात काही सेकंदच चुकते आणि एकदा सेल बदलला की वर्ष-दोन वर्षे आपल्याकडे काही मागत नाही. नुसती वेळ हवी असलेल्या माणसाने ते घ्यावे आणि उरलेल्या पैशांत चांगल्या चपला घ्याव्यात.

‘वेळ बघायला फोन आहे की’, हे वाक्य माझ्या मुलाने कॉलेजात असताना इतक्या वेळा ऐकवले होते, की त्यानेच पुढे घड्याळ भेट द्यावे याची मला गंमत वाटली. त्याच्या त्या वाक्यात एक जुना इतिहास उलटा फिरलेला आहे. मनगटी घड्याळ हा बराच काळ बायकांचा दागिना समजला जाई. पुरुष खिशात साखळीचे घड्याळ ठेवत. पहिल्या महायुद्धात खंदकात उभ्या असलेल्या सैनिकाला एका हातात बंदूक असताना दुसऱ्या हाताने खिसा चाचपणे परवडेना, तेव्हा पुरुषांची घड्याळे मोठ्या संख्येने मनगटावर आली. फोनने ती पुन्हा खिशात नेऊन ठेवली. फोन हे खरे तर साखळी तुटलेले, आकाराने वाढलेले खिशातले घड्याळच आहे.

फक्त खिसा कोणाचा, हे विचारायचे राहून जाते. साडीला खिसा नसतो, पंजाबी ड्रेसला असला तर तो रुमालापुरता असतो, आणि लोकलच्या बायकांच्या डब्यात पर्स छातीशी घट्ट धरलेली असते, तिच्या आत डबा, छत्री आणि औषधांचा पाऊच यांच्या तळाशी फोन असतो. तिथून तो काढणे म्हणजे शेजारणीच्या बरगडीत कोपर घालणे. ‘फोन आहे की’ हा युक्तिवाद पँटच्या खिशातून जन्माला आलेला आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. घरून फोन आला तर तो कोणाचा आहे, तातडीचा आहे की सिलिंडरवाल्याचा आहे, हे मनगटावरच कळू लागल्यापासून माझा प्रवास खरोखर सोपा झाला, आणि या एका कारणासाठी मी त्या यंत्राचे बाकीचे पुष्कळ गुन्हे माफ करायला तयार आहे.

गुन्हे आहेतच. पहिला गुन्हा त्याच डब्यात घडला. वरची कडी धरून उभी असताना डावा हात डोळ्यांसमोर येतो, म्हणजे घड्याळ पाहण्याची याहून उत्तम स्थिती नाही. वडिलांच्या ‘जनता’कडे मीच काय, आजूबाजूच्या चार बायकाही पाहून घेत असत. स्मार्टवॉचचे तोंड मात्र एरवी काळे असते आणि मनगट विशिष्ट पद्धतीने वळवले की ते उजळते. हात आधीच वर अडकलेला असेल तर वळवायचे काय? एका सकाळी शेजारच्या मुलीने ‘मावशी, किती वाजले?’ असे विचारले, तेव्हा मी कडी न सोडता मनगटाला झटके देत होते आणि ते काळेभोर तोंड करून माझ्याकडे पाहत होते. शेवटी समोरच्या बाईने आपल्या नाजूक सोनेरी घड्याळात पाहून वेळ सांगितली. दुसऱ्या वेळी ते आपणहून उजळले, ते आमच्या सासरच्या ग्रुपवर नणंदेने टाकलेला, कोणाच्या तरी लग्नातल्या आहेराविषयीचा संदेश दाखवण्यासाठी. तो मी वाचण्याआधी डाव्या बाजूच्या दोघींनी वाचला होता, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळले.

संदेश मनगटावर दिसले की माणूस फोन कमी हातात घेतो, असे या घड्याळाचे समर्थक सांगतात. माझा अनुभव असा, की मनगटावर वाक्याचा अर्धाच भाग दिसतो आणि उरलेला काय असेल या चिंतेने पर्सच्या तळाशी हात घातला जातोच. संदेशांच्या सूचना बंद करून फक्त फोन आल्याचे कळावे अशी सोय करून घेतली, तेव्हा कुठे आम्हा दोघांचे जमू लागले.

पावलांचे प्रकरण अधिक मजेचे आहे. दिवसाला १०,००० पावले चाला, असे हे घड्याळ मला पहिल्या दिवसापासून सांगत आले, आणि तो आकडा कोणा डॉक्टरने दिला असेल असे मी धरून चालले होते. तो आला जपानमधून. टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, १९६५ मध्ये, तिथल्या एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विक्रीला काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा गोल होता, लक्षात राहण्यासारखा होता आणि तो जगभर राहिला. पुढे २०१९ साली अमेरिकेत वयस्क स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले, की रोज ४,४०० पावले चालणाऱ्यांचे आयुर्मानही फारच कमी चालणाऱ्यांपेक्षा बरे होते आणि ७,५०० च्या आसपास गेल्यावर फायदा फारसा वाढत नव्हता. हे वाचल्यापासून रात्री साडेनऊला उरलेल्या सहाशे पावलांसाठी हॉलमध्ये येरझाऱ्या घालणे मी बंद केले आहे.

शिवाय ते मोजते ती पावले नव्हेत. ते मोजते हाताचे हलणे, आणि त्यावरून पावलांचा अंदाज बांधते. कणीक मळताना मी स्वयंपाकघरात जागच्या जागी दीडशे पावले चालते. स्टेशनपर्यंत रिक्षाने गेले तर आमच्या रस्त्यावरचे खड्डेही माझ्या खात्यावर जमा होतात. उलट डाव्या हातात भाजीची जड पिशवी घेऊन, खरोखर घाम गाळत, तीन जिने चढले तर तो हात पिशवीने ताणून स्थिर ठेवलेला असल्यामुळे घड्याळाच्या मते मी जागची हललेलीच नसते. घामाची नोंद नाही आणि पोळ्यांचे श्रेय चालण्याला, असा हा हिशेब आहे.

नाडीच्या बाबतीत मात्र ते बरेच विश्वासू निघाले. घड्याळाच्या पाठीमागचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात, रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, आणि प्रत्येक ठोक्याला शोषलेल्या प्रकाशात पडणाऱ्या फरकावरून नाडी मोजली जाते, अशी ती साधी आणि सुंदर युक्ती आहे. काही महागड्या घड्याळांत एका जोडणीचा ईसीजीही असतो. ॲपलने तो २०१८ साली आणला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर त्यात सापडू शकते आणि ती वेळीच सापडणे पक्षाघात टाळण्याच्या दृष्टीने मोलाचे असते. हृदयविकाराचा झटका मात्र ते ओळखत नाही, असे कंपनी स्वतःच सांगते. ही दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. करोनाच्या काळात रक्तातला प्राणवायू मोजण्यासाठी पुष्कळांनी स्वस्तातली घड्याळे घेतली. बोटाला लावायच्या चिमट्यात प्रकाश बोटातून आरपार जातो, मनगटावर तो नुसता परतून येतो, आणि त्यामुळे मनगटावरच्या आकड्याची भिस्त जरा कमीच धरावी.

झोपेविषयीचे त्याचे मत मी ऐकून घेणे सोडले आहे. पूर्वी सकाळी उठल्यावर बरे वाटले म्हणजे झोप झाली असे मी समजत असे. आता चांगली जाग आल्यावरही घड्याळ ‘५८ गुण’ म्हणते आणि दुपारपर्यंत मला खरोखर थकवा येतो. उंटावरचा शहाणा ऐकून ठाऊक होता, हा मनगटावरचा.

या सगळ्यात ज्या व्यक्तीला असे घड्याळ खरोखर उपयोगी पडले असते, ती माझी आई. ती साताऱ्याला एकटी राहते, वय ७९, रक्तदाबाची गोळी चालू. माणूस पडला तर ते ओळखून नातेवाइकांना कळवणारी घड्याळेही मिळतात, म्हणून दिवाळीत मी विषय काढला. तिने दोनच प्रश्न विचारले. रोज चार्ज करावे लागते का, आणि आंघोळीला जाताना काढून ठेवले तर चालते का. पाणी लागले तरी चालते, पण चार्ज मात्र रोज-दीड दिवसाला करावे लागेल, असे मी सांगितल्यावर ती म्हणाली, ‘अगं, मी पडेन ती नेमकी ते चार्जिंगला लावलेले असताना.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही शेवटी न्हाणीघरात धरायला दांडी बसवली आणि खालच्या बिऱ्हाडाकडे किल्ली ठेवली. तिच्या हातात अजून तेच जुने, छोट्या तबकडीचे, आतल्या बाजूला फिरवून बांधलेले घड्याळ आहे.

टिकण्याचा हिशेब मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो नव्या घड्याळावर थोडा अन्यायच करणारा आहे. मुलाने साडेतीन हजार रुपये दिले. आतली लिथियमची बॅटरी प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडी थोडी क्षीण होत जाते, दोन-तीन वर्षांत दिवसभर पुरेनाशी होते, आणि ती बदलण्याचा खर्च नव्या घड्याळाच्या जवळपास जातो. पट्टा सैल झाला म्हणून मी ते आमच्या घड्याळजींकडे नेले. त्यांच्या दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात आता मोबाइलची कव्हरे टांगलेली आहेत. त्यांनी सवयीने भिंग डोळ्याला लावले, घड्याळ उलटे केले, उघडण्यासाठी खाच कुठे आहे ते शोधले, ती नाही हे पाहिले आणि भिंग काढून ठेवले. ‘ताई, यात आमचे काही काम नाही,’ एवढेच ते म्हणाले. त्याच काउंटरवर त्यांनी वडिलांचे ‘जनता’ गेल्या पंधरा वर्षांत तीनदा खोलून, धुऊन, तेल घालून दिलेले आहे.

तरीही ते स्मार्टवॉच मी परत केले नाही, आणि कोणी विचारले तर घेऊ नका असेही सांगत नाही. ज्याचा फोन हाताशी नसतो, ज्याला डॉक्टरांनी नाडीवर लक्ष ठेवायला सांगितले आहे, किंवा आकडा दिसल्याशिवाय जो चालायलाच निघत नाही, त्याने ते जरूर घ्यावे. ते घड्याळ म्हणून घेऊ नये, इतकेच. आमच्या घरी तूर्त असे ठरले आहे, की सोमवार ते शनिवार डावे मनगट नव्या भाडेकरूचे, आणि रविवारी मूळ मालकाचे. शनिवारी रात्री मी ‘जनता’ला चावी देते, बोटांना अडले की थांबते, आणि स्मार्टवॉच चार्जरवर ठेवते. गेल्या रविवारी मी मैत्रिणीबरोबर सकाळी टेकडीवर जाऊन आले, दुपारी बाजार केला, संध्याकाळी गणपतीला जाऊन आले. सोमवारी सकाळी घड्याळ हातात बांधले तेव्हा त्यात आदल्या दिवसाची माझी एकूण पावले ११ लिहिलेली होती. ती बहुधा मुलाने स्वतःचा फोन लावण्यासाठी ते चार्जरवरून उचलून फ्रिजवर ठेवले, तेव्हाची असावीत.