मुलं सांभाळायचीच तर आहेत ना?

पाळणाघराची फी एवढी का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ठाणे जिल्ह्यातल्या ऐरोलीत माझं पाळणाघर आहे. दर जूनमध्ये पायरीवर चपला काढता काढता कुणीतरी विचारतंच, "ताई, मुलं सांभाळायचीच तर आहेत ना, मग महिन्याला सहा हजार?" विचारणारे काही चिकट नसतात. एकीचा पगार बावीस हजार. पहिला आठवडा संपेपर्यंत त्यातला निम्मा घराच्या हप्त्यात जातो.

आता माझा हिशेब. चौदा मुलं, म्हणजे ८४,००० रुपये. त्यातले भाड्याचे २८,०००, दोन मावशींचे २४,०००, दूध-भाजी-किराण्याचे १५,०००, वीज, गॅस, डागडुजीचे ६,०००. माझ्या हाती उरतात अकरा. मे महिन्यात अर्धी मुलं गावी जातात, तेव्हा तेही नाहीत.

दिघ्याहून येणाऱ्या मावशींना मी बारा हजार देते, आणि देताना मान खाली जाते. सव्वा वर्षाचा एक पोरगा कानाची पाळी धरल्याशिवाय झोपत नाही. स्वतःची नाही, मावशींची! डाव्या हाताने त्याला थोपटत, मान वाकडी करून त्या उजव्या हाताने दुसरीला मऊ भात भरवतात. कुणाला दात येतायत, कोण कालपासून शब्द जोडायला लागलंय, हे आईच्या आधी त्यांना कळतं. याला 'नुसतं सांभाळणं' म्हणतात.

सरकारी अंगणवाडीचंही तेच. योजना २ ऑक्टोबर १९७५ ची, पण सेविकेला मिळतं ते अजून 'मानधन', पगार नाही. २०१८ मध्ये केंद्राने आपला वाटा ३,००० वरून ४,५०० केला, बाकीची भर राज्याची. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. आणि हे कुठे, तर ज्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, तिथे! (बोर्डी आता पालघरमध्ये, पण आमच्या पिढीला ते ठाणेच.)

म्हणून फी वाढवा किंवा मावशींचे कापा, हे दोन्ही मला पटत नाही. आईकडे नाहीत आणि मावशींकडे तर नाहीतच. पैसे तिसऱ्याने घालायला हवेत. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यायला हवं, हे २०१७ पासून कायद्यात आहे. आमच्या ठाणे-बेलापूर रोडवर काचेच्या इमारती काय कमी आहेत? पण माझ्याकडच्या चौदा आयांपैकी एकीलाही ऑफिसकडून एक रुपया मिळत नाही.

त्या बावीस हजारवालीला परवा म्हटलं, एक अर्ज तर टाक. म्हणाली, "ताई, लवकर निघते म्हणून आधीच बोलणी खाते." मग अर्ज मीच लिहिला. घडी घालून बाळाच्या डब्याच्या पिशवीत ठेवलाय, खाली सहीची जागा तेवढी मोकळी आहे.